बारा फुटांच्या पडद्यावर पाच मिलिमीटर

तोंडाच्या कर्करोगाच्या स्लाइड पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवताना मला कित्येक वर्षे एकच अडचण येत होती. गाठ आत किती खोल शिरली आहे हे मोजायचे, तर शेजारच्या निरोगी आवरणाची, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराची पातळी आणि गाठीतला सर्वांत खोल गेलेला पेशींचा पुंजका, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर असाव्या लागतात, आणि सूक्ष्मदर्शकातून नेमके तेच होत नाही. आमच्या विभागातल्या सूक्ष्मदर्शकांवर १० पट भिंग लावले की दिसणारे वर्तुळ जेमतेम २.२ मिलिमीटर व्यासाचे असते आणि ४० पट भिंगाखाली ते अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर राहते. आवरण पाहून खाली सरकावे, तोवर वरची पातळी नजरेआड गेलेली असते.

ही बाब परीक्षेपुरती नाही. कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या एजेसीसी या समितीच्या नियमावलीच्या, २०१८ पासून वापरात आलेल्या आठव्या आवृत्तीत तोंडाच्या कर्करोगाचा टप्पा ठरवताना ही खोली धरली जाते. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ ५ मिलिमीटरपर्यंत खोल असेल तर टी-१, त्याहून खोल असेल तर टी-२. सोलापुरात मावा, गुटखा आणि मशेरी यांची सवय घरोघरी आहे. आमच्या विभागात येणाऱ्या जबड्याच्या आणि जिभेच्या नमुन्यांची संख्या पाहता हे मोजमाप प्रत्येक निवासी डॉक्टरला डोळे मिटून नव्हे, तर डोळे उघडे ठेवून आणि कारण सांगून करता आले पाहिजे, असे मला मनापासून वाटत होते. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाने अध्यापनासाठी मोठा पडदा घ्यायचे ठरवले आणि त्याची जबाबदारी विकृतिशास्त्राकडे, म्हणजे आमच्या पॅथॉलॉजी विभागाकडे आली, तेव्हा मी ती पुढे होऊन घेतली ती एवढ्यासाठीच.

त्याआधी आमच्याकडे व्याख्यान कक्षात एक जुना प्रोजेक्टर होता. त्याचे चित्र १०२४ बाय ७६८ पिक्सेलचे, म्हणजे सुमारे ७ लाख ८६ हजार ठिपक्यांचे. मी वहीत एक साधा हिशेब मांडून पाहिला. जिभेच्या गाठीचा छेद लांबीला २० मिलिमीटर आणि खोलीला ७ मिलिमीटर धरला, तर तो पूर्ण छेद या प्रोजेक्टरवर मावताना एका ठिपक्याच्या वाट्याला जवळजवळ २० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) येतात. पेशीचे केंद्रक आठ-दहा मायक्रॉनचे. म्हणजे पूर्ण छेद दाखवताना एक केंद्रक अर्ध्या ठिपक्यात विरघळून जाते. पडदा कितीही मोठा लावला तरी विद्यार्थ्यांना गुलाबी-जांभळा ढगच दिसणार. हा हिशेब मी खरेदी समितीसमोर ठेवला आणि आपल्याला मोठा पडदा नको, जास्त ठिपक्यांचा मोठा पडदा हवा आहे, असे स्पष्ट सांगितले.

विकृतिशास्त्रात असे कोणी वापरून पाहिले आहे का, हा समितीचा प्रश्न रास्त होता. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात २८ पडदे जोडून ५ कोटी ४० लाख पिक्सेलची भिंत उभारली होती आणि तिच्यावर स्लाइड वाचण्याची तुलना नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाशी केली होती. त्या प्रयोगात वेळेच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. संगणकाच्या साध्या पडद्यावर स्लाइड वाचायला जास्त वेळ लागतो, ही तेव्हाची मुख्य तक्रार होती, म्हणून तो निष्कर्ष महत्त्वाचा. आम्हाला तिथे रोगनिदान करायचे नव्हते, शिकवायचे होते. पण जे निदानाच्या कामाला पुरते ते शिकवायला पुरेल, एवढा आधार समितीला पटला.

पहिले प्रात्यक्षिक मात्र मनस्ताप देणारे ठरले. पुरवठादाराने ५५ इंची सहा पडदे तीन-तीनच्या दोन ओळींत लावले आणि त्यावर डोंगर, समुद्र आणि फुलपाखरे यांची चित्रफीत चालवली. कक्षातले सगळे खूश झाले. मी आमची स्लाइडची फाइल लावायला सांगितली आणि जवळ जाऊन पाहिले, तर केंद्रकांच्या कडा मऊ, पसरट दिसत होत्या. चौकशी केल्यावर कळले की नियंत्रण कक्षांसाठी विकले जाणारे हे पडदे प्रत्येकी फुल एचडीचे होते आणि त्यांच्यामागचा कंट्रोलर संगणकाकडून एकच फोर-के चित्र घेऊन ते सहा पडद्यांवर ताणून बसवत होता. पडदे सहा असले तरी भिंतीवर खरा तपशील ८३ लाख ठिपक्यांचाच होता. यात कोणी खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. वाहतूक शाखेच्या कॅमेऱ्यांसाठी ती रचना उत्तम असेल, पण ऊतीच्या छेदासाठी ती निरुपयोगी होती.

त्यानंतर मी एक कसोटी तयार केली आणि पुढच्या प्रत्येक प्रात्यक्षिकाला ती वापरली. भिंतीच्या पूर्ण मापाचे, म्हणजे ११,५२० बाय ४,३२० पिक्सेलचे एक चित्र बनवले, ज्यात एक ओळ काळी, एक पांढरी, एक काळी, एक पांढरी, अशा एकेका ठिपक्याच्या उभ्या रेघा होत्या. माझे वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर काम करायचे. नक्षीच्या आलेखावरचा एक चौकोन म्हणजे एक धागा, आणि चौकोन चुकला की चादरीत तो धागा चुकलेला दिसतोच, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. या चित्राचेही तसेच आहे. संगणकाचा एक ठिपका पडद्याच्या एका ठिपक्यावर जसाच्या तसा पडत असेल तर जवळ गेल्यावर रेघा सुट्या दिसतात. मध्ये कुठेही चित्र ताणले किंवा आखडले जात असेल तर सगळीकडे करडा रंग पसरतो किंवा पट्टे उमटतात. दुसऱ्या पुरवठादाराच्या मांडणीत ही कसोटी सहाही पडद्यांवर उतरली. त्याने सहा फोर-के पडदे चार-चार जोडण्यांच्या दोन ग्राफिक्स कार्डांना थेट जोडले होते, मध्ये कंट्रोलर नव्हता. एकूण ठिपके ४ कोटी ९७ लाख, आणि आमचा २० मिलिमीटरचा छेद त्यावर पसरला की एका ठिपक्याला १.७ मायक्रॉन येत होते. केंद्रक पाच-सहा ठिपक्यांचे झाले. ते मोजता येत होते.

पडद्यांची चौकट अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या अण्णा या फॅब्रिकेटरने बनवली. पडद्यांच्या मागे हात घालता येईल एवढी जागा ठेवा, असे मी म्हणाले, तेव्हा अण्णांनी मलाच समजावले, “मॅडम, हात नाही, माणूस जायला पाहिजे. एप्रिलमध्ये मागं केवढी धग होईल बघा.” त्यांचे म्हणणे मानून चौकट खोलीच्या भिंतीपासून दोन फूट पुढे घेतली आणि वर एक्झॉस्ट पंखा बसवला. सहा पडदे मिळून जवळजवळ एक किलोवॉट वीज खातात आणि ती सगळी उष्णता त्याच खोलीत सोडतात. सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असताना त्या दोन फुटांचे मोल आम्हाला कळले. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अण्णांची माणसे सुटीवर गेल्यामुळे काम दोन आठवडे लांबले, पण चौकट सरळ, ओळंब्यात बसली.

भिंत सुरू झाल्यावर खऱ्या अडचणी समोर आल्या. आवाज आणि उष्णता नको म्हणून संगणक आम्ही शेजारच्या खोलीत ठेवला होता आणि तिथून पंधरा-पंधरा मीटरच्या साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबल ओढल्या होत्या. फोर-के चित्र सेकंदाला साठ वेळा पाठवायचे तर त्या तारेतून सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत माहिती जावी लागते आणि इतक्या लांबीवर साधी केबल ती पेलू शकत नाही. वर्ग चालू असताना मधला एखादा पडदा दोन सेकंद काळा पडायचा आणि परत यायचा. तंत्रज्ञाने वेग तीस वेळांवर आणला तेव्हा काळे पडणे थांबले, पण स्लाइड सरकवताना चित्र धक्के खात पुढे जाऊ लागले आणि पुढच्या रांगेतल्या दोन विद्यार्थिनींना गरगरल्यासारखे झाले. शेवटी सहाही केबल प्रकाशतंतूच्या घेतल्या. हा खर्च आमच्या मूळ अंदाजात नव्हता आणि त्यासाठी वेगळा प्रस्ताव पाठवून दीड महिना वाट पाहावी लागली.

साठवणुकीचेही असेच झाले. आमच्या स्लाइड पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून ०.२५ मायक्रॉनला एक पिक्सेल या मापाने स्कॅन होऊन येतात. म्हणजे तो २० बाय ७ मिलिमीटरचा छेद ८०,००० बाय २८,००० पिक्सेलचा, २२४ कोटी ठिपक्यांचा होतो. आमची पाच कोटींची भिंत त्याच्या पंचेचाळिसाव्या हिश्श्याएवढीच. असे चित्र कोणताही संगणक अख्खे उघडत नाही. ते लहान चौकोनी तुकड्यांत आणि एकावर एक रचलेल्या थरांत साठवलेले असते. प्रत्येक वरचा थर खालच्याच्या निम्म्या मापाचा, आणि पाहणाऱ्याला लागतील तेवढेच तुकडे उचलले जातात. तुकडा २५६ बाय २५६ पिक्सेलचा असेल तर फुल एचडी पडद्याला एका वेळी चाळीसच्या आसपास तुकडे पुरतात. आमच्या भिंतीला साडेसातशेहून अधिक लागतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून ते येईपर्यंत भिंतीचे कोपरे धुरकट राहायचे आणि माझे वाक्य संपल्यावर स्पष्ट व्हायचे. फाइली एसएसडीवर नेल्या, तेव्हा तो प्रश्न मिटला.

रंगांच्या बाबतीत घडलेली गोष्ट मला जास्त लागली, कारण तिच्यामुळे विद्यार्थी चुकीचे शिकले असते. पहिल्या आठवड्यातच दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने विचारले, “मॅडम, या पेशींना केंद्रकाभोवती पांढरी कड आहे. हे कॉयलोसाइट आहेत का?” प्रश्न अगदी योग्य होता. विषाणूबाधित पेशीत केंद्रकाभोवती अशी मोकळी कड दिसते आणि ती ओळखणे आम्ही त्यांना शिकवतो. मी पुढे गेले आणि पाहिले, तर कड खरोखरच दिसत होती, फक्त ती एका पेशीला नव्हती, प्रत्येक पेशीला होती. लिम्फोसाइटलाही, तंतूंमधल्या पेशींनाही. तीच स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर कड नाही. पडद्यांच्या सेटिंगमध्ये शार्पनेस वाढवलेला होता आणि रंगांची पद्धत भडक ठेवलेली होती. प्रत्येक गडद कडेच्या बाहेर पडदा स्वतः एक फिकट रेघ ओढत होता. दुकानात चित्र उठावदार दिसावे म्हणून केलेली ही सोय आमच्या कामात रोगाचे खोटे लक्षण निर्माण करत होती. त्या दिवशी सहाही पडद्यांचा शार्पनेस आम्ही शून्यावर आणला, चित्राच्या कडा आपोआप कापणारी सोय बंद केली, आणि रंग मोजण्याचे यंत्र मागवून पडदे एकमेकांशी जुळवून घेतले. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक सूक्ष्मदर्शक भिंतीशेजारी ठेवून तीच स्लाइड दोन्हीकडे पाहण्याचा नेम आम्ही ठेवला आहे.

शरीररचनाशास्त्राच्या सहकाऱ्यांनी भिंतीचा उपयोग वेगळ्या रीतीने केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९४ मध्ये खुल्या केलेल्या ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्पात पुरुषदेहाचे एक-एक मिलिमीटर अंतराने घेतलेले १,८७१ आडवे छेद आहेत, प्रत्येक २०४८ बाय १२१६ पिक्सेलचा. आमच्या जुन्या प्रोजेक्टरवर त्यातला एकही पूर्ण तपशिलात मावत नसे. भिंतीवर पंधरा छेद एका वेळी मावतात, आणि छातीतून पोटाकडे उतरताना मधले श्वासपटल कुठे कसे वळते हे विद्यार्थी चालत-चालत पाहतात. सीटी स्कॅनच्या बाबतीत मात्र मी सहकाऱ्यांना सावध केले. त्याचा एक छेद सहसा ५१२ बाय ५१२ पिक्सेलचाच असतो. तो बारा फुटांचा केल्याने त्यात काहीच भर पडत नाही. शिवाय ही भिंत करड्या छटांच्या वैद्यकीय मानकानुसार जुळवलेली नाही, म्हणून तिच्यावर कोणताही अहवाल द्यायचा नाही, असा फलक आम्ही दारातच लावला आहे. एका वर्गात सोनोग्राफीच्या चित्राच्या कोपऱ्यात रुग्णाचे पूर्ण नाव तळहाताएवढ्या अक्षरांत झळकले. ती चूक माझी होती, फाइल मीच तपासायला हवी होती. त्यानंतर नाव पुसल्याची नोंद वहीत झाल्याशिवाय एकही चित्र भिंतीवर जात नाही.

संशोधनात भिंतीने जे दिले त्याची मला आधी कल्पना नव्हती. आमच्या एका निवासी डॉक्टरच्या प्रबंधासाठी तोंडाच्या कर्करोगाच्या चोवीस स्लाइड तिने एकाच वेळी भिंतीवर मांडल्या, जशी आपण हळदी-कुंकवाला वाट्या ओळीने मांडतो तशा, तारखेप्रमाणे. दहा मिनिटांनी ती मला बोलवायला आली. शेवटच्या सात स्लाइड इतरांपेक्षा निळसर दिसत होत्या. आधी आम्हाला पडद्यांचाच संशय आला, म्हणून त्या सात स्लाइड डावीकडच्या पडद्यांवर आणि आधीच्या उजवीकडे नेल्या. निळसरपणा स्लाइडबरोबर सरकला. स्कॅनर सगळ्यांसाठी एकच होता. मग तिने रंजकांची वही काढली आणि केंद्रकांना निळा-जांभळा रंग देणाऱ्या हेमॅटॉक्सिलिनची नवी बाटली त्याच आठवड्यात उघडल्याचे आढळले. प्रबंधात केंद्रकांचा गडदपणा मोजायचा होता. तो फरक लक्षात आला नसता तर तिने बाटलीचा फरक रोगाचा फरक म्हणून लिहिला असता. एकेक स्लाइड वेगळी पाहणाऱ्याला हे कधीच दिसले नसते, कारण डोळा प्रत्येक वेळी समोरच्या रंगाची सवय करून घेतो.

आणि ज्या कामासाठी मी हे सगळे मागितले होते, ते काम जुलैत झाले. जिभेच्या एका गाठीची खोली दोन निवासी डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकावर वेगवेगळी मोजली होती, एकाची ४.६ आणि दुसरीची ५.३ मिलिमीटर. एकाच्या मते टी-१, दुसरीच्या मते टी-२. मी छेद भिंतीवर पूर्ण पसरला आणि शेजारच्या निरोगी आवरणाची तळरेषा आडवी येईल एवढे चित्र फिरवून घेतले. आता ऊतीचा एक मिलिमीटर भिंतीवर सुमारे १८ सेंटिमीटरचा झाला होता आणि ज्या पाच मिलिमीटरवर वाद होता ते ९० सेंटिमीटर. आमच्या प्रयोगशाळेतले मामा दोऱ्याला नट बांधून आणलेला ओळंबा घेऊन आले. दोघांनी आपापला आरंभबिंदू बोटाने दाखवला, तेव्हा मतभेद कुठे आहे हे पहिल्यांदा सगळ्यांना दिसले: खोलीचा शेवट दोघांचा एकच होता, आरंभ वेगळा होता. ती गाठीच्या कडेला सुजून वर आलेल्या आवरणापासून मोजत होती, तो त्याच्या पलीकडच्या सपाट, निरोगी आवरणाच्या तळपटलापासून, म्हणजे त्याच्या तळाच्या पातळ थरापासून. व्याख्येनुसार त्याचे बरोबर होते. तिने स्वतः पुढे जाऊन डावीकडच्या पडद्यावर निरोगी तळपटलावर बोट ठेवले आणि मधल्या पडद्यापर्यंत चालत येऊन आपली चूक सगळ्यांना समजावून सांगितली.

मोजमाप मात्र दोऱ्याने करायचे नाही, हेही तेव्हाच सांगावे लागले. वरच्या आणि खालच्या पडद्यांच्या मध्ये काळ्या कडांची दोन सेंटिमीटरची पट्टी आहे आणि दोरा ती ओलांडतो. तेवढ्याने आकडा एक दशांश मिलिमीटरने फुगतो. चित्राचा तेवढा भाग पट्टीमागे लपवून रेघा सलग दाखवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ती आम्ही जाणीवपूर्वक बंद ठेवली आहे, कारण लपलेल्या भागातच तो शेवटचा पुंजका असू शकतो. दिशा दोऱ्याने ठरते, आकडा सॉफ्टवेअरच्या मोजपट्टीने येतो. तो ४.७ आला.

अशा अकरा स्लाइड आतापर्यंत आम्ही भिंतीवर मोजल्या. नऊमध्ये मतभेद आरंभबिंदूचा निघाला आणि तो मिटला. उरलेल्या दोन व्रण पडलेल्या गाठींच्या आहेत. त्यांच्या एका बाजूचे आवरण पूर्ण झडून गेले आहे आणि आडवी तळरेषा कुठून धरायची यावर आमचे पाच जणांचे एकमत झालेले नाही. त्या नमुन्यांचे उरलेले ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतीचे तुकडे) मी पुन्हा कापायला दिले आहेत, दुसऱ्या बाजूचे आवरण एखाद्या छेदात सापडते का ते पाहण्यासाठी.